पत्रात नसलेली ओळ

आबा,

सांगलीच्या रेडिओ केंद्राकडून तुम्हाला आलेलं पत्र मी वाचून दाखवलं, तेव्हा त्यात नसलेली एक ओळ मी माझ्या पदरची घातली होती. पत्र इंग्रजीत होतं, टाइप केलेलं, जेमतेम सात-आठ ओळींचं. तुम्ही मराठी चौथी झालेले, काका अंगठा उठवणारे, मी कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला. मी जे सांगितलं तेच सरकारने लिहिलं आहे असं तुम्ही दोघांनी धरलं आणि त्यावर तुमचं दोघांचं पुढचं आयुष्य गेलं. तुम्हाला जाऊन पस्तीस वर्षं होत आली. काका तुमच्या कितीतरी आधी गेले. मी शिक्षिका झाले, मुख्याध्यापिका झाले, खोटं बोलणाऱ्या मुलींना वर्गाबाहेर उभं केलं आणि निवृत्त झाले. एवढ्या वर्षांत हे कुणाला सांगितलं नाही. तुम्हाला सांगायची संधी तर रोज होती. शेवटची अकरा वर्षं तुम्ही साताऱ्यात माझ्याच घरी होता आणि सकाळचा चहा मीच तुमच्या हातात देत होते.

आज लिहायला बसले त्याचं कारण साधं आहे. गेल्या आठवड्यात साताऱ्याच्या एसटी स्टँडवर एक म्हातारे गृहस्थ बाकावर शेजारी बसले होते. ताठ पाठ, पांढऱ्या मिशा, फौजेतून आलेला माणूस लांबून ओळखू येतो तसे. कुठल्या गावच्या म्हणून विचारलं. मी गाव सांगितलं. "म्हंजे त्या सोंगाड्याच्या गावच्या," ते म्हणाले आणि एकदम खुलले. एक हात कमरेवर ठेवून त्यांनी साहेबाच्या आवाजात विचारलं, "छाती किती?" आणि लगेच नाकातून, दातांतून वारा सोडत उत्तर दिलं, "कुणाम्होरं, सायब? बायकूम्होरं आत जाती, पावन्याम्होरं भाईर येती." आजूबाजूची चार माणसं हसली. साठ वर्षांनी, आबा. तुमची भरतीची बतावणी. "लय हसवलं त्या मानसानं," ते म्हणाले. "आमी रजेवर आलो की पैलं इचारायचो, त्येंचा फड कुठं लागलाय. त्येच्यासंगं आनखी एकजन असायचा बगा, नुसता इचारायचा. कोन हुता त्यो?" मी म्हणाले, "ते माझे वडील." बिचारे ओशाळले. "न्हाई, त्ये बी बरं हुतं की," म्हणाले. मग जरा वेळाने, "बंद का पडलं वो त्ये?" मी सवयीने म्हणाले, "रेडिओमुळे." त्यांनी मान हलवली. त्यांना वाटलं रेडिओ आला, लोक घरी बसले आणि फड मोडले. मी काही दुरुस्ती केली नाही. माझी बस लागली आणि मी उठले.

नुसता विचारणारा. तुमचं असंच होतं. गण झाला, गौळण झाली की तुम्ही दोघं बतावणीला उभे राहायचात. छप्पन साली बौद्ध धम्माची दीक्षा घेतल्यापासून गणपतीचा गण चालू असेपर्यंत तुम्ही दोघं कनातीच्या बाहेर थांबायचात, मग आत शिरायचात. फडमालकाने ते मुकाट चालवून घेतलं, कारण लोक यायचे ते बतावणीला. तुम्ही विचारायचं, काकांनी उत्तर द्यायचं. नात्याने काका आपले कुणी नव्हते. वस्तीत पलीकडचं घर, तुमच्याच वयाचे, वीस वर्षं तुमच्याशेजारी उभे राहिलेले, म्हणून मी काका म्हणायचे. लहानपणी बैलाची लाथ बसून त्यांचे वरचे पुढचे चार दात गेले होते. 'स' म्हणताना शीळ यायची, बाकीचा आवाज मडक्यात तोंड घालून बोलल्यासारखा. त्यांनी नुसतं "सायब" म्हटलं तरी पुढच्या रांगेतले लोक मांडीवर थाप मारायचे. पण बतावणीतला शब्दन् शब्द तुमचा होता हे लोकांना कुठून माहीत असणार? ते मला माहीत होतं. पावसाळ्यात फड बंद असला की आई चुलीपाशी भाकरी थापायची आणि तुम्ही उंबऱ्यावर बसून स्वतःशी पुटपुटायचात. एक प्रश्न, दोन-तीन उत्तरं. मग आईला ऐकवायचात. आई हसणारी बाई नव्हती. "काय तरीच," म्हणून ती काटवटीतलं पीठ मळत राहायची. तिने मनगटाने पदर तोंडावर ओढला की तुम्ही म्हणायचात, "ऱ्हायलं, हे ऱ्हायलं," आणि उठून काकांना सांगायला जायचात. जे आईच्या पदराआड गेलं नाही ते म्हसवडच्या यात्रेत कधी गेलं नाही.

म्हसवडची हजेरी, यात्रेतला तो सकाळचा खेळ, मला अजून दिसते. सकाळचे दहा वाजलेत. रथाच्या दुसऱ्या दिवसाची गर्दी आहे, माणसं गुलालाने लाल झालेली. बायकांनी तमाशाला बसायचं नसतं म्हणून मी मागे, कनातीच्या फटीला डोळा लावून उभी आहे. मला तुमची पाठ दिसते आणि काकांचा चेहरा. तुम्ही विचारता, "लढाईत गोळी आली तर काय करशील?" काका चारी बाजूंना बघतात. "वळख न्हाई पाळख न्हाई, माझ्याकडंच कशाला यील?" लोक कोसळतात. आणि मी तुमच्या पाठीकडे बघते. तुमचा श्वास दिसतो. खांदे वर जातात, थांबतात. हसू वर चढतंय, चढतंय, आता वळलं, आता खाली येतंय. ते भुईला टेकायच्या आत तुमचा पुढचा प्रश्न पडतो. "पळून जाशील?" "सायब पळत्याल तिकडं पळीन. पर सायबाच्या म्होरं न्हाई जायाचा. मान हाय." लोक पुन्हा कोसळतात. हा अंदाज तुम्ही कधी चुकवला नाही. काकांना तो नव्हताच. काका लोकांबरोबर स्वतः हसायला लागायचे, तुम्ही प्रश्न टाकून त्यांना ओढून आणायचात. मला दहाव्या-अकराव्या वर्षी हे समजलं होतं. हजेरी संपल्यावर गावच्या स्टँडवर काकांना कुणी चहा पाजायचं, कुणी पान द्यायचं, पोरं "सायब, सायब" करत मागे लागायची आणि तुम्ही दोघांचीही बोचकी सांभाळत बाजूला उभे असायचात. तुम्हाला त्याचं काही वाटत नव्हतं. मला वाटायचं. मी ते मनात धरून ठेवलं होतं, आणि पुढे जे केलं त्याला न्याय हे नाव द्यायला ते मला फार उपयोगी पडलं.

पुढच्या एका यात्रेत रेडिओचे एक साहेब येऊन बसले. सांगलीला केंद्र निघून फार दिवस झाले नव्हते. त्यांनी तुमची नावं लिहून घेतली आणि महिन्याभराने पत्र आलं. तुम्हाला ते किती हवं होतं हे मला आज जास्त कळतं. तुम्ही दोघंही पन्नाशीला टेकला होता. ट्रकच्या टपावरून गावोगाव जाऊन तुमचे गुडघे गेले होते. वस्तीतली पोक्त माणसं तोंडावर म्हणायची, "बाबासाहेबांनी सांगटलं काय आनि तुमी करताय काय? अजून नाच्यांच्या मागं फिरताय." तुम्ही खाली मान घालून ऐकायचात, कारण त्यांचंही खरं होतं आणि पोटाचंही. रेडिओवर गण नव्हता, गुलाल नव्हता, टपावर बसणं नव्हतं. खुर्चीवर बसून बोलायचं आणि ते घराघरात जायचं. "तितं जमलं तर तमाशा सोडला," तुम्ही आईला म्हणालात. काकांचंही तेच होतं. काकांना पोरबाळ नव्हतं, काकी होत्या आणि हा आवाज होता.

पत्र घेऊन तुम्ही दोघं सांगलीला माझ्या वसतिगृहावर आलात. मी तुम्हाला आत बोलावलं नाही. फाटकातूनच बाहेर पडले आणि कृष्णेच्या घाटावर घेऊन गेले. पायऱ्यांवर बसलो. काका नदीत पाय सोडून बसले आणि मला म्हणाले, "वाच की मास्तरीण, काय म्हनतोय सरकार?" मी पत्र वाचलं. अमुक दिवशी सकाळी दहा वाजता आवाजाच्या चाचणीला यावं, दहा मिनिटांचा विनोदी संवाद सोबत आणावा, तो मराठीत लिहून दोन प्रती द्याव्यात. खाली सही. तेवढंच. हे सगळं मी सांगितलं आणि मग, पत्रावरची नजर न काढता, म्हणाले, "आणखी लिहिलंय की ज्याचे उच्चार स्वच्छ असतील त्यानेच उत्तरं द्यावीत. दुसऱ्याने फक्त विचारावं."

काकांनी पाय पाण्यातून वर घेतले. तुम्ही म्हणालात, "आसं कसं? आमी उलटं करतो की. त्या सायबानं बगितलंय."

"बघितलंय म्हणूनच लिहिलंय," मी म्हणाले.

पलीकडच्या काठावर कुणीतरी म्हैस धूत होतं. मग काकाच म्हणाले, "मंग खरं आसंल, गड्या. माजा आवाज हाय बी तसलाच, फाटक्या गोनपाटागत. यात्रंला चालतंय. रेडिवला कसा चालंल?" आणि माझ्याकडे बघून हसले. "बरं झालं बाय, तुला वाचाय येतंय. न्हाईतर तितं जाऊन फजिती झाली आसती."

तुम्ही त्यांच्याकडे बघत होता. तुम्ही म्हणायला हवं होतं की मग आम्ही येत नाही. मी तुमच्या तोंडाकडे बघत होते. तुम्ही म्हणाला असता तर मी लगेच काहीतरी सारवासारव केली असती, पत्र पुन्हा वाचल्यासारखं करून चूक झाली म्हणाले असते. तुम्ही म्हणालात, "सरकारी कागुद हाय. त्येच्यात लिवलंय तसं करावं लागतंय." आणि आबा, रागावू नका, पण ते म्हणताना तुमचा चेहरा नुसता दुःखी नव्हता. वीस वर्षं विचारत आलेल्या माणसाला एकदा उत्तर द्यायला मिळणार होतं. त्यात तुमची चूक काही नाही. मी बघितलं होतं एवढंच सांगते.

चार दिवस हातात होते. तुम्ही सांगत गेलात, मी लिहीत गेले, पहिला आणि दुसरा असं डाव्या बाजूला घालून. 'न्हाई'चं मी 'नाही' केलं, 'म्होरं'चं 'पुढे' केलं. तुम्ही एकदा अडखळलात, "पुडं म्हनल्यावर हसत्याल का?" मी म्हणाले, रेडिओवर असंच लागतं. तुम्ही माझं ऐकलंत. तुम्ही दोघं सांगलीतच, आपल्या लोकांच्या गल्लीत उतरला होता. रोज सकाळी घाटावर बसून काकांकडून प्रश्न पाठ करून घ्यायचात. मी कॉलेजला जाता-येता बघायचे. काका शाळेतल्या पोरासारखे मांडी घालून, डोळे मिटून म्हणायचे, "तुझी छाती किती आहे?" तुम्ही म्हणायचात, "शीळ येती. परत." ते ओठ आवळून परत म्हणायचे. 'छाती' म्हणताना शीळ कशी येणार नाही? पण ते परत म्हणायचे. एकदा म्हणाले, "तुजं काम लय अवगड हाय रं. मला वाटायचं हे नुसतंच उबं ऱ्हातंय." तुम्ही दोघंही हसलात. तुमच्या दोघांचं मनापासून हसणं मी ऐकलं ते त्याच वेळी, नंतर नाही.

चाचणीच्या दिवशी मी बरोबर होते. भिंतींना कापड लावलेली खोली, एका बाजूला मोठी काच. तुम्ही दोघं आत, मधे तो टांगलेला मायक्रोफोन. काचेच्या अलीकडे मी, ते यात्रेत भेटलेले साहेब आणि कानाला यंत्र लावलेला एक तरुण माणूस. दिवा लागला आणि तुम्ही सुरुवात केलीत. काकांनी स्वच्छ, सपाट आवाजात विचारलं. तुम्ही उत्तर दिलंत. सगळे शब्द तेच होते. पण हसायला कुणी नव्हतं आणि हसू वर चढल्याशिवाय, वळल्याशिवाय तुम्हाला दोघांना कळेना की पुढचं कधी टाकायचं. काका प्रत्येक उत्तरानंतर काचेकडे बघायचे, जणू आम्ही हसण्याची वाट बघत. साहेबांनी हातातली प्रत खाली ठेवली. मला म्हणाले, "म्हसवडला मी ऐकलं तेव्हा दुसरे गृहस्थ उत्तरं देत होते ना?" ते सहज विचारत होते. मी म्हणाले, "आता असं करतात."

तेवढ्यात आत तुमचं काहीतरी चुकलं. काकांचा प्रश्न यायला उशीर झाला आणि वीस वर्षांची सवय तुमच्या तोंडातून बाहेर पडली. तुम्हीच विचारलंत, "आनि गोळी आली तर?" आणि काकांनीही विचार केला नाही. चारी भिंतींकडे बघून ते म्हणाले, "वळख न्हाई पाळख न्हाई, माझ्याकडंच कशाला यील?" सगळी शीळ, सगळं नाक, सगळं मडकं त्यात होतं. कानाला यंत्र लावलेला तो तरुण खदकन हसला. हसता हसता त्याने टेबलावर हात आपटला. साहेब पुढे वाकले. आत तुमचे खांदे वर गेले, थांबले. तुम्ही पुढचा प्रश्न टाकणार होता. आणि काकांनी हात तोंडावर ठेवला. काचेकडे बघून दोन्ही हात जोडले, माफी मागितल्यासारखे. मग ओठ आवळून, स्वच्छ आवाजात, कागदावरचा पुढचा प्रश्न म्हणाले.

"हे मधे काय झालं?" साहेबांनी मला विचारलं. "हे कागदावर नाही."

"चुकले ते," मी म्हणाले.

मी तेव्हा दार ढकलून आत जाऊन सांगू शकले असते. चार पावलांवर दार होतं. बाहेर आल्यावर काकांनी साहेबांना विचारलं, "सायब, आवाज साफ आला न्हवं?" साहेब भले होते. "आला, आला. अगदी साफ आला," म्हणाले. महिन्याभराने दुसरं पत्र आलं, निवड झाली नाही म्हणून. ते तुम्ही मला दाखवायला आणलं नाहीत, पोस्टमास्तरांकडून वाचून घेतलंत.

रेडिओ गेला तर गेला, यात्रा होत्याच, असं कुणालाही वाटेल. मलाही वाटलं होतं. पण काकांच्या मनातून ते गेलं नाही. सरकारने कागदावर लिहून कळवलं होतं की तुझा आवाज बरा नाही. पावसाळा संपायच्या आत ते मिरजेला गेले आणि वरच्या दातांची कवळी बसवून आले. काकींची बोरमाळ त्यात गेली. दिवाळीच्या सुट्टीत मी गावी आले तर काका उंबऱ्यात उभे, तोंड भरून दात. "सातारा, सांगली, सरकार," त्यांनी मला म्हणून दाखवलं. "हाय का शीळ?" नव्हती. तुम्ही मागे उभे होता. तुम्ही म्हणालात, "काढून ठेव म्हनतोय मी, ऐकत न्हाई." काका म्हणाले, "मानसानं सुदारावं, गड्या. पन्नास वर्सं लोकांनी माज्या तोंडाला हसून घेतलं. आता बोलन्याला हसू दे."

लोक बोलण्याला हसले नाहीत. त्या हंगामातली पहिली हजेरी मी पुन्हा कनातीच्या फटीतून बघितली. काका जपून जपून बोलत होते, कवळी निसटू नये म्हणून जबडा धरून. "वळख न्हाई"चं त्यांनी "ओळख नाही" केलं. ते माझंच होतं, मी लिहून दिलेलं. पटांगण शांत राहिलं. तुमचे खांदे वर गेले आणि तसेच राहिले, कारण उतरायला हसूच आलं नाही. मग मागून कुणीतरी ओरडलं, "आरं, ह्यो कुटला मास्तर धरून आनलाय? आमचा सोंगाड्या कुटं हाय?" त्याला लोक हसले. फडमालकाने काकांना बाजूला घेऊन कवळी काढायला लावली. दुपारी ते कवळीशिवाय उभे राहिले, पण आता प्रत्येक शब्दाला त्यांचा हात तोंडाकडे जात होता. लोक त्या हाताला हसत होते. ते हसू वेगळं होतं आणि काकांना ते कळत होतं. आठ-दहा यात्रा तशा काढल्या. मग मालकाने बतावणीला दुसरी जोडी घेतली, तरुण पोरं. तुम्हाला एकट्याला राहा म्हणाला होता तो. त्या पोरांना प्रश्न कसे टाकायचे ते शिकवायला. तुम्ही राहिला नाहीत.

काका काकींना घेऊन सांगलीकडे गेले. कुपवाडला तेव्हा नुकतेच कारखाने उभे राहत होते. एका ओतकामाच्या शेडमध्ये वाळू चाळायचं काम त्यांना मिळालं. वाळू छातीत गेली की आधीच काही होतं, डॉक्टरांनाच माहीत. दोन-तीन वर्षांत माणूस अर्धा झाला. मी तोवर बी.ए. होऊन साताऱ्याला शाळेत लागले होते. तुमचा निरोप आला आणि आपण दोघं मिरजेच्या दवाखान्यात गेलो. लांबच लांब खोली, ओळीने खाटा. काका भिंतीकडच्या खाटेवर बसलेले, कारण आडवं झालं की खोकला यायचा. खोकताना त्रास होतो म्हणून कवळी काढा, असं तिथल्या नर्सबाईंनी सांगून बघितलं होतं. ते काढत नव्हते. आपण आलो तसे त्यांनी पाठ ताठ केली. तुम्ही खाटेच्या कडेला बसलात आणि विचारलंत, "कसं काय हाय?" तुमच्या तोंडून प्रश्न आला की काकांचं उत्तर तयार असायचं, जन्मभर. मी वाट बघितली. उत्तर द्यायचं सोडून ते माझ्याकडे वळले. "बाय," ते म्हणाले, एकेक शब्द सुटा करून, "आता साफ येतोय का गं आवाज?"

"येतोय, काका," मी म्हणाले. "अगदी साफ येतोय."

त्यांना बरं वाटलं. पुढच्या आठवड्यात ते गेले.

तुम्ही त्यानंतर वीस-बावीस वर्षं होता. कुणाला हसवलं नाहीत. साताऱ्याला आमच्या ओट्यावर बसून भाजीवाल्याला "कुटनं आलासा?" विचारायचात आणि भुवई उचलून थांबायचात. तो बिचारा गावाचं नाव सांगून वांगी मोजायला लागायचा. तुमची भुवई हळूहळू खाली यायची. एकदा सकाळी चहा घेताना तुम्ही म्हणालात, "त्ये पत्र लिवनारा कारकून कोन का आसंना, त्यानं एकदा हजेरीला येऊन बसाय पायजे हुतं. मंग लिवलं नसतं त्यानं." मी कपबशी उचलून आत गेले. तुम्ही कधी त्याला शिवी दिली नाहीत. दिली असती तर मला सोपं गेलं असतं.

आता राहिलं ते सांगते. मी स्वतःला इतकी वर्षं सांगत आले की मी ती ओळ तुमच्यासाठी घातली. विनोद तुमचे, हसू मात्र दुसऱ्याच्या वाट्याला, म्हणून एका मुलीने बापाला न्याय द्यायला बघितलं आणि ते चुकलं. हे ऐकायला बरं आहे. खरं नाही. वसतिगृहात पहिल्या दिवशी मला पोचवायला काका आले होते, तुमचे गुडघे त्या आठवड्यात धरले होते. मला पत्र्याची ट्रंक काकांनीच घेऊन दिली होती आणि स्टँडपासून ती डोक्यावर आणली होती. फाटकात उतरवून त्यांनी मोठ्याने सांगितलं, "जपून ऱ्हा, मास्तरीण. सांजच्याला लौकर निजत जा." सगळी शीळ गॅलरीभर घुमली. ते गेल्यावर खोलीतल्या मुलींनी विचारलं, "कोण गं तो?" मी म्हणाले, "हमाल." एकीने त्यांच्यासारखं बोलून बघितलं, तिला जमलं नाही. मग मी काढून दाखवला तो आवाज. मला तो येत होता, जन्मापासून ऐकलेला. चौघी पोट धरून हसल्या. आपल्या वस्तीतली मी एकटी तिथे होते आणि त्या दिवसापासून त्यांनी मला आपल्यात घेतलं. जेवणानंतर कुणीतरी म्हणायचंच, "तो हमाल काढ ना." मी काढायचे. त्यांच्या जेवणाच्या खोलीत रेडिओ होता, संध्याकाळी सगळ्या तिथेच बसायच्या. रेडिओवर तो आवाज आला असता तर पहिल्या वाक्यालाच ओळखला असता त्यांनी, आणि मग माझ्याकडे बघितलं असतं. मला तेवढंच टाळायचं होतं. विचारणारा म्हणून काका सपाट बोलतील, शीळ येणार नाही, कुणाला कळणार नाही, एवढा हिशोब घाटाच्या पायरीवर बसून मी केला.

हे कागद मी घडी घालून ठेवणार नाही, वाचून झाले की फाडून टाकीन. माझ्या मुलांना यातलं काही कळायची गरज नाही. पण एक गोष्ट तुम्ही असता तर तुम्हीच ओळखली असती, म्हणून सांगते. मुलींपुढे तो आवाज काढताना एक ओळ म्हटली की मी थांबायचे. हसू वर चढायचं, वळायचं, आणि ते खाली टेकायच्या आत मी पुढची ओळ टाकायचे. मला ते कुणी शिकवलं नव्हतं. मला ते आवडायचं, आबा. फार आवडायचं.